तीन लहान खोल्या आणि छायाचित्रकला

आपल्या मराठीत ‘काढणे’ हे क्रियापद मोठे उदार आहे. आपण विहिरीतून पाणी काढतो, अंगणात रांगोळी काढतो, पाटीवर चित्र काढतो आणि छायाचित्रही काढतो. माझ्या मातृभाषेत, कोंकणीतही, ‘फोटो काडप’ असाच प्रयोग आहे. इंग्रजीत मात्र तसे नाही. इंग्रज मनुष्य चित्र रेखाटतो किंवा रंगवितो. छायाचित्र तो ‘घेतो’. चित्रकार काही तरी नवे निर्माण करतो आणि छायाचित्रकार समोर असलेले नुसते उचलून घेतो, असा भेद त्या दोन क्रियापदांतच दडलेला आहे. वरवर पाहता हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच भेदावरून युरोपात व अमेरिकेत साठ-सत्तर वर्षे वाद चालला होता, आणि त्या वादाला निर्णायक वळण लावण्यात न्यूयॉर्क शहरातील एका जुन्या घराच्या माळ्यावरील तीन लहान खोल्यांचा वाटा फार मोठा आहे. त्या खोल्यांची, तेथे भरलेल्या प्रदर्शनांची आणि ज्यांची छायाचित्रे तेथे टांगली गेली त्या कलावंतांपैकी काहींची ओळख विद्यार्थ्यांस करून द्यावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगापुढे आला आणि थोड्याच वर्षांत तो आपल्याकडेही पोहोचला. मुंबईस छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच निघाली होती. मूळचे गोव्याकडील असलेले डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी निगडित होते. पण या नव्या विद्येकडे पाहण्याची सर्वांची दृष्टी उपयुक्ततेची होती. देवळे, लेणी, निरनिराळ्या जातींचे पोशाख, मोठ्या माणसांचे चेहरे यांची नोंद ठेवण्याचे ते एक साधन होते. ते साधन आहे यात शंका नव्हती. प्रश्न असा होता, की ती कलाही आहे काय? आक्षेप घेणारे म्हणत, की येथे पाहते ते भिंग, उमटवितो तो सूर्यप्रकाश आणि स्थिर करतात ती रसायने. मग माणसाने केले ते काय? पुढे १८८८ साली ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला. शंभर छायाचित्रांची गुंडाळी भरलेला तो पेटीवजा कॅमेरा पंचवीस डॉलरांस मिळे. सर्व चित्रे संपली, की पेटीच कारखान्याकडे धाडून द्यावयाची. छापलेली चित्रे आणि नव्याने भरलेली पेटी परत येई. आता तर कळ दाबण्यापलीकडे काहीच करावयाचे उरले नाही. घरोघर कॅमेरे झाले आणि आक्षेपकांचे फावले. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि सणावारी एकेका घरात शेकडो छायाचित्रे निघतात. तेव्हा हा जुना आक्षेप आपल्याला समजावयास कठीण जाऊ नये.

हा आक्षेप ज्याच्या मनाला फार लागला तो गृहस्थ म्हणजे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. त्याचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी न्यूयॉर्कजवळील होबोकेन या गावी एका जर्मन-ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. यंत्रशास्त्र शिकण्यासाठी वडिलांनी त्याला बर्लिनला ठेवले. तेथे प्रोफेसर फोगेल यांचे छायाचित्रणाच्या रसायनशास्त्रावरील वर्ग चालत. मुलगा त्या वर्गात जाऊन बसला आणि यंत्रशास्त्र मागेच राहिले. १८९० साली तो अमेरिकेस परतला. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये हिमवादळ चालले असता फिफ्थ ॲव्हेन्यू या हमरस्त्यावर तो हातात कॅमेरा घेऊन तीन तास उभा राहिला. मनासारखा क्षण आला तेव्हा समोरून वाऱ्याला तोंड देत घोडागाडी हाकणारा गाडीवान येत होता. ती काचपट्टी धुऊन निघाल्यावर मंडळातील सहकाऱ्यांना तिच्यात धूसरपणावाचून काही दिसेना. आज ते छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. ते तीन तास विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. कळ दाबण्यास क्षणार्धच लागला. पण कोणत्या क्षणी दाबावयाची, हे ठरविणारा भिंगाच्या मागे उभा होता. ‘माणसाने केले ते काय?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका गोष्टीत आहे.

१९०२ साली स्टिग्लिट्झने आपल्या विचारांच्या छायाचित्रकारांचा एक संघ काढला. जुन्या मंडळांतून फुटून निघालेल्यांचा संघ, अशा अर्थाचे ‘फोटो-सेसेशन’ हे नाव त्याने त्यास दिले. पुढल्याच वर्षापासून ‘कॅमेरा वर्क’ नावाचे त्रैमासिक सुरू झाले. त्यातील चित्रे ताम्रपटावर कोरून, तलम जपानी कागदावर छापून प्रत्येक अंकात हाताने चिकटविलेली असत. नियतकालिक उत्तम होते. तथापि चित्र भिंतीवर टांगलेले पाहणे ही गोष्ट वेगळी, आणि टांगावयास जागा नव्हती.

ती जागा सुचविली एडवर्ड स्टायकेन याने. हा लक्झेंबर्ग देशात जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला, चित्रकार आणि छायाचित्रकार असा दुहेरी तरुण होता. त्या वेळी त्याचे वय पंचवीस-सव्वीस वर्षांचे असेल. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या घरात तो राहत असे. तेथील वरच्या मजल्यावरील खोल्या दरमहा पन्नास डॉलर भाड्याने मिळण्यासारख्या होत्या. सर्वांत मोठी खोली पंधरा फूट रुंद व सतरा फूट लांब. दुसरी पंधरा फूट चौरस. तिसरी तर पंधरा फूट लांब आणि जेमतेम साडेआठ फूट रुंद. आपल्या शाळेतील एका वर्गाशी ताडून पाहिले, म्हणजे ही ‘गॅलरी’ केवढी होती याची कल्पना येईल. शुक्रवार, ता. २४ नोव्हेंबर १९०५ रोजी ती उघडली. पहिल्या प्रदर्शनात संघाच्या सभासदांची शंभर छायाचित्रे होती. गॅलरीचे औपचारिक नाव लांबलचक होते. पण लोक तिला घराच्या क्रमांकावरूनच ओळखू लागले आणि इतिहासातही ती ‘२९१’ या आकड्यानेच राहिली आहे.

या खोल्या सजविल्या कशा होत्या, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण माझ्या मते खरा धडा येथेच आहे. त्या काळच्या प्रदर्शनांत चित्रे जमिनीपासून छतापर्यंत, चौकटीला चौकट भिडवून टांगीत. जत्रेतील दुकानात देवादिकांच्या तसबिरी असतात तसाच तो प्रकार. वरचे चित्र पाहावे तर मान दुखावी आणि खालचे पाहावे तर वाकावे लागावे. स्टायकेनने हे सर्व बाजूला सारले. भिंतींना त्याने तागाचे भरड कापड, आपण ज्याला गोणपाट म्हणतो त्याच जातीचे, लावले. मोठ्या खोलीत ते हिरवट करड्या रंगाचे होते. छायाचित्रे डोळ्यांच्या उंचीवर आणि दोन चित्रांमध्ये पुरेशी मोकळी जागा ठेवून लावली. छताच्या काचेतून येणारा उजेड पातळ कापडातून गाळून घेतला, त्यामुळे कोठेही चकाकी नव्हती. खोलीच्या मध्यभागी एक चौरंगासारखे मेज आणि त्यावर पितळेचे मोठे भांडे. एवढाच थाट.

आज हे सर्व आपल्याला इतके ओळखीचे वाटते, की त्यात नवल ते काय, असा प्रश्न पडेल. कोणत्याही चांगल्या प्रदर्शनात चित्रे अशीच लावलेली असतात. पण तेव्हा ही रीत फार थोड्या ठिकाणी होती, आणि छायाचित्रांच्या वाट्याला तर ती जवळजवळ नव्हतीच. दोन चित्रांमधील मोकळी भिंत प्रेक्षकाला काही सांगत असते: थांबा, एका वेळी एकच पाहा. ज्या वस्तूभोवती आपण जागा मोकळी सोडतो तिला आपोआप मान मिळतो. देवघरातील मूर्ती आणि माळ्यावरच्या ट्रंकेतील मूर्ती यांत दगडाचा वा धातूचा फरक नसतो. स्टिग्लिट्झचे पुष्कळसे लिखाण आज कोणी वाचीत नाही. परंतु गोणपाटावरची ती मोकळी जागा त्याच्या लेखांपेक्षा अधिक परिणामकारक ठरली, असे मला वाटते. पहिल्या हंगामात सुमारे पंधरा हजार माणसे त्या अरुंद घराचा माळा चढून गेली. एकसष्ट छायाचित्रे विकली गेली आणि त्यांचे सुमारे २,८०० डॉलर आले. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या स्टायकेनच्या चित्रांची होती.

पहिल्या हंगामातील कलावंतांकडे आता वळू. ओहायओ प्रांतातील नेवार्क या लहान गावी क्लॅरेन्स व्हाइट नावाचा एक गृहस्थ घाऊक किराण्याच्या पेढीवर हिशेबनिसाचे काम करीत असे. पगार बेताचा, आठवड्यातून दोन काचपट्ट्यांपेक्षा अधिक विकत घेणे त्याला परवडत नसे. दिवसभर खातेवहीत मान घालून बसावे लागे, म्हणून तो पहाटेच्या उजेडात छायाचित्रे काढी. बायको, मेहुण्या, मुले हेच त्याचे नमुने. आठवड्याला दोनच पट्ट्या असल्यामुळे चित्र कसे बसवावयाचे, हे तो आधी मनात पक्के करून ठेवी. आज आपण एका मिनिटात वीस छायाचित्रे काढून एकोणीस पुसून टाकतो. दोन्ही रीतींत काही गुण असतील. पण व्हाइटच्या चित्रांतील ती स्तब्ध, धुक्यातून गाळल्यासारखी सकाळ त्या दारिद्र्याचीच देणगी होती, असे म्हणण्याचा मोह होतो. पुढे तो न्यूयॉर्कला आला, १९१४ साली त्याने छायाचित्रणाची शाळा काढली, आणि डोरोथिया लँग व मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्यासारख्या पुढे नावारूपाला आलेल्या स्त्रिया त्या शाळेत शिकून गेल्या.

व्हाइटच्याबरोबर प्रदर्शन झाले ते गर्ट्रूड केझबियर या बाईंचे. त्यांचा जन्म १८५२ सालचा. तीन मुले थोडी मोठी झाल्यावर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्या चित्रकला शिकावयास शाळेत जाऊ लागल्या. हे वाक्य विशेषतः या अंकाच्या वाचक असलेल्या मातांसाठी लिहीत आहे. तेथून त्या छायाचित्रणाकडे वळल्या, स्वतःचा स्टुडिओ उघडला आणि त्यावर पैसा मिळवू लागल्या. ‘कॅमेरा वर्क’चा पहिला अंक त्यांच्याच छायाचित्रांना वाहिलेला आहे. त्यांच्या एका प्रख्यात छायाचित्रात पांढऱ्या झग्यातील आई दाराशी किंचित वाकून उभी आहे आणि तिच्या लहान मुलीने गडद रंगाचा पोशाख घातला आहे. मुलगी उंबरठ्यावर, सरळ आपल्याकडे तोंड करून उभी. आई तिला पुढे पाठवीत आहे. ओढूनही घेत नाही आणि ढकलीतही नाही. चित्रात घटना म्हणून काही नाही. पण आपल्या मुलीला शाळेच्या दाराशी पहिल्या दिवशी सोडणाऱ्या कोणाही आईला त्या हाताचा अर्थ समजेल.

त्याच हंगामात फ्रान्सचे रोबेर देमाशी यांची चित्रे आली आणि इंग्लंडचे फ्रेडरिक इव्हान्स यांचीही. या दोघांच्या पद्धती परस्परविरुद्ध, म्हणून त्या समजून घेण्यासारख्या आहेत. देमाशी डिंकाची पद्धत वापरीत. बाभळीच्या जातीचा डिंक, त्यात रंगाची पूड आणि पोटॅशियम बायक्रोमेट हे मिश्रण कागदावर फासावयाचे व वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरावयाचे. जेथे प्रकाश लागतो तेथे डिंक कडक होऊन बसतो. जेथे लागत नाही तेथे तो पाण्याने धुऊन जातो. धुताना कुंचला फिरविला, तर नको तो भाग आणखी पुसता येतो. म्हणजे छायाचित्राला चित्रकाराच्या हाताचा स्पर्श देता येतो. देमाशी तो आनंदाने देत. त्यांची पुष्कळ चित्रे खडूने काढल्यासारखी दिसतात.

इव्हान्स हे लंडनचे पुस्तकविक्रेते. मोठमोठ्या पुरातन ख्रिस्तमंदिरांचे अंतर्भाग हा त्यांचा ध्यास होता. निगेटिव्हवर कोणताही हात फिरविण्यास त्यांचा ठाम विरोध होता. उजेड योग्य येईपर्यंत वाट पाहावी, चित्र एकदाच घ्यावे आणि ते प्लॅटिनमच्या कागदावर जसेच्या तसे छापावे, असा त्यांचा नेम. नेहमीच्या कागदावर चांदीचे कण सरसाच्या थरात अडकलेले असतात. प्लॅटिनमच्या कागदावर धातू कागदाच्या धाग्यांतच मुरतो, त्यामुळे चकाकी मुळीच येत नाही आणि काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा फार मोठ्या संख्येने मिळतात. वेल्स येथील मंदिरातील झिजलेल्या पायऱ्यांचे त्यांचे १९०३ सालचे छायाचित्र मुलांनी अवश्य शोधून पाहावे. शेकडो वर्षांच्या पावलांनी झिजलेला तो दगड समुद्राच्या लाटांसारखा वर वर चढत जातो. पुढे पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम इतके महागले, की तो कागदच मिळेनासा झाला. तेव्हा इव्हान्स यांनी दुसऱ्या कागदाशी तडजोड न करता छायाचित्रणच सोडून दिले.

इव्हान्स यांच्याजवळच आणखी एका जुन्या माणसाची चित्रे मांडली होती, ती डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांची. हिल आणि त्यांचा तरुण सहकारी ॲडमसन यांनी १८४३ पासूनच्या चार-पाच वर्षांत एडिंबरोजवळच्या न्यूहेवन बंदरातील कोळ्यांची व मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या कोळिणींची छायाचित्रे काढली होती. आपल्या पणजीच्या वा मडगावच्या बाजारात बसणाऱ्या नुस्तेकान्नींची ज्यांना ओळख आहे, त्यांना त्या बायकांचे करारी चेहरे परके वाटणार नाहीत. साठ वर्षांपूर्वीची ही चित्रे नव्या गॅलरीत लावण्यात स्टिग्लिट्झचा हेतू उघड होता. आमची कला काल जन्मलेली नाही, तिलाही परंपरा आहे, हे त्यास दाखवावयाचे होते.

यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९०७ पासून त्या खोल्यांत छायाचित्रांबरोबर रेखाचित्रे आणि रंगचित्रेही लागू लागली. १९०८ च्या आरंभी रोदँची रेखाचित्रे आली, त्याच वर्षी मातीसची, आणि १९११ साली पिकासोची. मातीस आणि पिकासो यांची अमेरिकेतील पहिली प्रदर्शने या माळ्यावर झाली, ही सामान्य गोष्ट नव्हे. एप्रिल १९१२ मध्ये तर दोन ते अकरा वर्षांच्या मुलांनी काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन तेथे भरले. मध्यंतरी १९०८ साली मालकाने भाडे दुप्पट केल्यामुळे गॅलरी बंद पडली होती. पॉल हॅव्हिलँड या तरुणाने स्वतःच्या नावाने भाडेपट्टा करून समोरची एक खोली मिळवून दिली. ती खोली खरे पाहता शेजारच्या २९३ क्रमांकात मोडत होती. पण नाव २९१ च राहिले.

त्या घराची लिफ्ट लहान आणि संथ होती. ती चालविणारा हॉज कर्नन हा वेस्ट इंडीजमधील मॉन्टसेराट बेटावरून आलेला कृष्णवर्णीय तरुण होता. रोज माणसे वर नेताना आणि खाली आणताना तो त्यांचे बोलणे ऐके; सवड मिळाली, की चित्रेही पाही. ‘कॅमेरा वर्क’ने एका अंकात अनेकांना एकच प्रश्न विचारला होता, की ‘२९१’ म्हणजे तुमच्या दृष्टीने काय? चित्रकार, टीकाकार आणि लेखक यांच्या उत्तरांच्या रांगेत कर्नन याचे उत्तरही त्याच्या नावानिशी छापलेले आहे. ज्या देशात त्या काळी कृष्णवर्णीयांना पुष्कळ ठिकाणी पुढल्या दाराने आत जाण्याचीही मुभा नव्हती, त्या देशातील ही गोष्ट आहे. कर्नन पुढे स्वतःही एक नियतकालिक संपादित करू लागला.

पण या उदार घराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्टिग्लिट्झ हट्टी होता. छायाचित्रणावर पोट भरणे त्याला कमीपणाचे वाटे. त्याला स्वतःला पोटाची काळजी नव्हती; वडिलांचा आधार होता आणि पत्नीच्या माहेरचा मद्याचा कारखाना होता. केझबियरबाईंना मात्र स्टुडिओच्या मिळकतीवर चालावे लागे. दोघांचे बिनसले आणि १९१२ साली बाईंनी संघाचा राजीनामा दिला, व्हाइटही दुरावला. या भांडणात माझी सहानुभूती बाईंकडे आहे. कलेसाठी पैशाचा त्याग करावा हे म्हणणे ठीक, पण ज्याच्या घरी पैसा आहे त्याने ते दुसऱ्यास ऐकवू नये.

मतभेदाला पैशाखेरीज आणखी एक कारण होते, आणि ते अधिक महत्त्वाचे. छायाचित्र ही कला आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रारंभीच्या मंडळींनी ते रंगचित्रासारखे दिसेल असे केले होते. धूसर कडा, डिंक, कुंचला, चांदणे. स्टायकेनने १९०४ साली काढलेले तळ्यावरील चंद्रोदयाचे छायाचित्र हा त्या पद्धतीचा उत्तम नमुना. २००६ साली त्याची एक प्रत लिलावात २९ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेली. ते सुंदर आहे यात वाद नाही. परंतु हळूहळू स्टिग्लिट्झच्या मनात प्रश्न उभा राहिला, की दुसऱ्याचा पोशाख घालून मिळविलेला मान आपला मानावयाचा काय? १९१० साली बफेलो शहरातील मोठ्या कलासंग्रहालयात त्याने मांडलेल्या प्रदर्शनातून संग्रहालयाने पंधरा छायाचित्रे विकत घेतली. लढाई जिंकल्यासारखी झाली, आणि नेमक्या त्याच सुमारास तो मऊ, धूसर छायाचित्रांपासून दूर जाऊ लागला.

त्याचे ‘द स्टिअरेज’ हे छायाचित्र या ठिकाणी पाहावे. १९०७ च्या उन्हाळ्यात तो पहिल्या वर्गाने युरोपास चालला होता. डेकवर फिरत असता खालच्या, स्वस्त वर्गातील उतारूंची गर्दी त्याला दिसली. काचपट्टी एकच शिल्लक होती. धावत जाऊन त्याने कॅमेरा आणला आणि ती वापरली. पुष्कळांचा समज असा, की हे आशेने अमेरिकेत येणाऱ्या निर्वासितांचे चित्र आहे. वास्तविक बोट उलट दिशेने, अमेरिकेहून युरोपाकडे चालली होती. परत जाणाऱ्यांचे हे चित्र आहे. विद्यार्थ्यांनी ते पाहताना चेहऱ्यांकडे जाण्यापूर्वी आकारांवरून बोट फिरवावे. वरच्या डेकवर एकाच्या डोक्यावरील गोल गवती टोपी, एका बाजूस कललेले धुराडे, दुसऱ्या बाजूस कललेला जिना, मधून आडवा जाणारा पांढरा पूल आणि खाली एकाच्या पाठीवर फुली केल्यासारखे पडलेले पांढरे पट्टे. हे सारे एकमेकांना तोलून धरते. पूल वरच्यांना आणि खालच्यांना जोडीत नाही, वेगळे करतो. येथे कुंचला नाही, डिंक नाही, काहीही पुसलेले नाही. पाहणाऱ्याने कोठे उभे राहावयाचे आणि केव्हा, एवढेच ठरविले. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये नव्या चित्रकलेचे प्रचंड प्रदर्शन गाजत असता स्टिग्लिट्झने आपल्या लहान खोलीत मुद्दाम स्वतःची छायाचित्रे लावली. त्यांत हेही होते.

आता एका शिक्षकाची गोष्ट. न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर शाळेत ल्यूइस हाइन नावाचे शिक्षक छायाचित्रणाचा वर्ग घेत. १९०७ साली त्यांनी आपल्या मुलांना २९१ ची खोली दाखवावयास नेले. त्या वर्गात पॉल स्ट्रँड हा सतरा वर्षांचा विद्यार्थी होता. हाइन यांनी पुढे शाळा सोडली आणि कापडगिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या मुलांची हजारो छायाचित्रे काढून बालमजुरीविरुद्ध लोकमत जागे केले. स्ट्रँडच्या मनात मात्र ती खोली राहिली. आठ वर्षांनी तो आपली चित्रे घेऊन स्टिग्लिट्झकडे गेला, आणि मार्च १९१६ मध्ये त्याच गॅलरीत त्याचे प्रदर्शन झाले. वॉल स्ट्रीटवरील एका पेढीच्या प्रचंड काळ्या खिडक्या आणि त्यांच्या तळाशी सकाळच्या उन्हात लांब सावल्या टाकीत चाललेली मुंगीएवढी माणसे, असे त्याचे १९१५ सालचे एक छायाचित्र आहे. दुसरे १९१६ चे आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका अंध बाईचा चेहरा. गळ्यात ‘ब्लाइंड’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी आणि वर फेरीवाल्याच्या परवान्याचा बिल्ला. या बाईला आपले छायाचित्र निघत आहे हे ठाऊक नव्हते. लोकांना कळू नये म्हणून स्ट्रँडने कॅमेऱ्याच्या बाजूला खोटे भिंग बसविले होते. तिला ते खोटे भिंगही दिसले नसते. चित्र थोर आहे, आणि तरीही ते पाहताना मनाला टोचते: आम्ही तिच्याकडे पाहतो, ती आमच्याकडे पाहू शकत नाही, आणि तिला कोणी विचारलेही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वर्गात या चित्रावर चर्चा घेतल्यास मुले दोन तट करतात. मी त्यांना निकाल देत नाही.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. ‘कॅमेरा वर्क’चे एके काळचे सुमारे हजार वर्गणीदार चाळिसाच्याही खाली आले होते. जूनमध्ये शेवटचा जोडअंक निघाला, तो स्ट्रँडच्या छायाचित्रांना वाहिलेला होता. त्यापूर्वीच्या महिन्यांत जॉर्जिया ओकीफ या तरुण चित्रकर्तीचे प्रदर्शन झाले, आणि मग खोली रिकामी करण्यात आली. ती इमारतही आज उभी नाही.

१९२४ साली बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने स्टिग्लिट्झची २७ छायाचित्रे आपल्या संग्रहात घेतली. अमेरिकेतील एवढ्या मोठ्या संग्रहालयाने छायाचित्रांना कलाकृती म्हणून असे स्थान देण्याचे ते अगदी आरंभीचे उदाहरण होय. यासाठी खटपट केली होती ती त्या संग्रहालयातील भारतीय विभागाचे प्रमुख, कोलंबोत जन्मलेले आनंद कुमारस्वामी यांनी. आपल्या शिल्पांचा आणि राजपूत चित्रांचा अर्थ पाश्चात्त्यांस समजावून देण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांनीच छायाचित्रांसाठीही संग्रहालयाचे दार उघडून घेतले.

स्टायकेन दीर्घायुषी ठरला. १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्याने ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन मांडले. त्यात ६८ देशांतील २७३ छायाचित्रकारांची ५०३ छायाचित्रे होती. जन्म, खेळ, श्रम, विवाह, मृत्यू अशा क्रमाने ती गुंफलेली होती. १९५६ साली ते मुंबईस जहांगीर आर्ट गॅलरीत आले. पन्नास वर्षांपूर्वी गोणपाटाच्या भिंतीवर एकेका छायाचित्राभोवती मोकळी जागा सोडणाऱ्या याच माणसाने आता काही चित्रे भिंतीएवढी मोठी केली होती, काही छतावरून टांगली होती आणि प्रेक्षकांना त्यांच्या मधून चालावयास लावले होते. १९९४ पासून ती चित्रे त्याच्या जन्मदेशात, लक्झेंबर्गमधील क्लेर्व्हो येथील किल्ल्यात कायमची मांडलेली आहेत.